तळाचा संघ आणि सात फुटी पोरगा: एनबीए टूके २५ यातलं खरं किती सांगतो

टूके २५ हा अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगवरचा व्हिडिओ गेम. त्यावर पैसे टाकायचे असतील तर ते मायएनबीए या एकाच प्रकारासाठी टाकावेत. मायकरिअर आणि मायटीमला सतत इंटरनेट लागतं. शिवाय खेळाडू लवकर वर न्यायचा असेल तर व्हीसी हे तिथलं आभासी चलन खऱ्या पैशांनी विकत घ्यावंसं वाटावं, अशीच त्यांची रचना आहे. मायएनबीएत ही भानगड नाही. संघ तुमचा, मॅनेजर तुम्ही, आणि ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, कोणाला उचलायचं हेही तुम्हीच ठरवायचं.

सोलापुरात सकाळी कोर्टावर येणाऱ्यांचा जुना वाद तपासायला हा प्रकार फार कामाचा आहे. नववीत सहा फूट तीन इंचांचा पोरगा दिसला की सगळे म्हणतात, "याला घ्या बे, संघ सुधारतो." एनबीएतही हेच चालतं, फक्त तिथे तो पोरगा सात फूट चार इंचांचा असतो. हरणाऱ्या संघात कोवळ्या वयाचा सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू, आणला तर संघ खरंच वर येतो का, आणि गेम त्याचं उत्तर प्रामाणिकपणे देतो का, या दोन प्रश्नांपुरतंच हे परीक्षण आहे. ग्राफिक्स, कॉमेंट्री, शूजचे रंग यावर लिहिणारे बाकी भरपूर आहेत.

घेण्याआधी एक गोष्ट नीट बघा. एरा म्हणजे जुन्या काळापासून सुरुवात करायची सोय पीएस ५, एक्सबॉक्स सिरीज एक्स किंवा एस आणि पीसीवरच आहे. पीएस ४ आणि स्विचच्या आवृत्तीत ती मिळत नाही. नाव तेच आणि वेष्टन जवळजवळ तेच, त्यामुळे दुकानात हमखास चूक होते. पीसीवाल्यांना २५ च्या आधी ही सोय नव्हती, म्हणून पीसीसाठी २४ स्वस्तात मिळतोय म्हणून उचलू नका. जागा दीडशे जीबीच्या आसपास लागते आणि पीसीवर एसएसडी हवीच. १०० एमबीपीएसच्या लाइनवर एवढं उतरवायला सव्वातीन तासांच्या वर जातात, ४० एमबीपीएसवर सव्वाआठ तास. मोबाइलच्या रोजच्या दोन जीबीवर हिशोब केला तर अडीच महिने. रात्री लावून झोपणं बरं.

एरा पाच जुने आणि एक आजचा. १९८३, १९९१, २००२, २०१० आणि २०१६ या वर्षी सुरू होणाऱ्या मोसमांपैकी एक निवडायचा, आणि त्या काळचे संघ घेऊन पुढे जायचं. उंच पोराची परीक्षा घ्यायला यातले तीन उत्तम. १९८३ चा मोसम संपला की १९८४ च्या ड्राफ्टमध्ये हाकीम ओलाजुवन येतो. १९९१ नंतर शकील ओनील आणि अलोन्झो मोर्निंग येतात. २००२ मध्ये याओ मिंग ह्यूस्टनच्या संघाकडे नवखा म्हणून आधीच असतो. २०१० चाही चालेल, पण तिथे अँथनी डेव्हिससाठी दोन मोसम थांबावं लागतं. २०१६ चा या कामाला फिका आहे, कारण त्याचा पहिला ड्राफ्ट २०१७ चा आणि त्यात वरच्या नंबरांवर संघ पालटेल असा सेंटर नव्हता.

गेम सुरू करण्याआधी खऱ्या जगाचे आकडे कागदावर मांडून ठेवा, नाहीतर तुलना कशाशी करणार? ह्यूस्टन १९८३-८४ मध्ये २९ जिंकला, ५३ हरला. ओलाजुवन आला आणि पुढच्या मोसमात ४८-३४. त्याच ड्राफ्टमधून मायकेल जॉर्डन घेतलेला शिकागो २७ वरून ३८ विजयांवर गेला. म्हणजे पहिल्या वर्षाची वाढ बघितली तर सेंटरने जॉर्डनला मागे टाकलं होतं, हे आज कोणाला पटत नाही. ऑर्लँडो १९९१-९२ मध्ये २१-६१, आणि ओनीलच्या पहिल्या मोसमात ४१-४१. त्याची सरासरी २३.४ गुण, १३.९ रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या फटक्यानंतर पकडलेले चेंडू. मोर्निंग घेतलेला शार्लट ३१ वरून ४४ विजयांवर.

एवढंच वाचलं तर वाद मिटला असं वाटेल. पण फिनिक्सने २०१८ मध्ये पहिल्या नंबरवर डिआंद्रे एटन घेतला आणि २१-६१ चे १९-६३ झाले. न्यू ऑर्लिन्समध्ये डेव्हिसच्या पहिल्या मोसमात २७-५५. सॅन अँटोनिओने २०२३ मध्ये व्हिक्टर वेम्बान्यामा घेतला. अख्ख्या पिढीत एखादाच असा पोरगा निघतो. त्याने पहिल्याच मोसमात सरासरी २१.४ गुण, १०.६ रिबाउंड आणि ३.६ ब्लॉक दिले. संघ आधी २२-६० होता, नंतरही २२-६०. मध्ये सलग १८ सामने हरला.

या जोड्यांमधला फरक गेममध्ये हाताने करून बघता येतो, आणि टूके २५ ची खरी किंमत इथे वसूल होते. पद्धत अशी. आजचा एरा निवडून वॉशिंग्टन घ्या. २०२३-२४ मध्ये हा संघ १५-६७ होता आणि २०२४ च्या ड्राफ्टमध्ये त्याने दुसऱ्या नंबरवर अलेक्स सार हा सात फुटी पोरगा घेतला, तो तुमच्या संघात असतोच. पहिल्या फेरीत काहीही बदलू नका. सारला सुरुवातीच्या पाचात ठेवा, मिनिटं २६ ते २८ च्या दरम्यान हाताने लावा आणि अख्खा मोसम सिम्युलेट करा, म्हणजे स्वतः न खेळता सामने गेमलाच उरकू द्या. आकडे लिहून घ्या. दुसऱ्या फेरीत तोच संघ, तीच मिनिटं, फक्त ट्रेडमधून, म्हणजे दुसऱ्या संघाशी अदलाबदल करून, चांगला पास देणारा अनुभवी पॉइंट गार्ड (चेंडू पुढे नेऊन आक्रमण चालवणारा खेळाडू) आणा. तिसऱ्या फेरीत गार्ड जुनाच ठेवा आणि कोपऱ्यातून तीन गुणांचे फटके मारणारे दोन जण आणा. प्रत्येक फेरी नव्या सेव्हमध्ये करा, आणि शक्यतो तीन-तीनदा, कारण एका सिम्युलेशनमध्ये चार-पाच विजयांचा फरक नुसत्या नशिबाने पडू शकतो. प्रत्यक्षात सारच्या पहिल्या मोसमात वॉशिंग्टन १८-६४ राहिला, हा आकडा शेजारी ठेवा.

पहिल्या फेरीत तुमचा संघ तीस-पस्तीसच्या पुढे गेला तर सेटिंग्ज सैल आहेत असं समजा. ट्रेडची कठीणता वाढवा. खेळाडू सुधारण्याचा वेग एक पायरी खाली आणा. दुखापतींचं प्रमाण शून्यावर तर नाही ना, ते बघा. ही शेवटची गोष्ट उंच पोरांच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाची आहे. एवढ्या वजनाचं शरीर लांब हाडांवर उड्या मारतं तेव्हा आधी पाऊल आणि गुडघा बोलायला लागतात. ग्रेग ओडन २००७ मध्ये पहिल्या नंबरवर गेला, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे पहिला अख्खा मोसम बाहेर बसला आणि पोर्टलंडसाठी एकूण ८२ सामने खेळला, म्हणजे एका मोसमाएवढे. गंमत अशी की तो बाहेर असताना पोर्टलंड ३२ वरून ४१ विजयांवर गेला. जोएल एम्बिड पायाच्या हाडामुळे पहिले दोन मोसम खेळलाच नाही. चेट होमग्रेनचं पाऊल पहिला मोसम सुरू होण्याआधीच दुखावलं. याओची कारकीर्दही पावलानेच संपवली. गेमला कोणाचंही नशीब पाठ नसतं, तो नुसता फासा टाकतो. त्यामुळे प्रमाण कमी ठेवलं तर तुमचा सेंटर पंधरा वर्षं ठणठणीत राहतो आणि तुम्ही स्वतःला मोठे पारखी समजायला लागता.

पॉइंट गार्डची फेरी का करायची, ते सॅन अँटोनिओकडे बघून कळतं. २०२३-२४ मोसमाच्या सुरुवातीला त्यांनी जेरेमी सोहानला पॉइंट गार्ड करून बघितलं. तो मूळचा फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या फळीतला. वेम्बान्यामा रिंगजवळ हात वर करून उभा आणि पास यायचा कमरेला किंवा उशिरा. जानेवारीत ट्रे जोन्सला सुरुवातीच्या पाचात आणल्यावर आक्रमण जरा सुसूत्र झालं. पुढच्या मोसमात क्रिस पॉल हा अनुभवी पॉइंट गार्ड आला आणि ३४ विजय मिळाले, तेही वेम्बान्यामा ४६ सामनेच खेळलेला असताना. फिनिक्सचंही तसंच. एटन होताच, पण अंतिम फेरी गाठली ती २०२१ मध्ये, पॉल आल्यावर. ऑर्लँडोने तर १९९३ च्या लॉटरीत, म्हणजे ड्राफ्टचा क्रम ठरवणाऱ्या सोडतीत, ६६ पैकी एकच चेंडू स्वतःचा असताना पुन्हा पहिला नंबर काढला, क्रिस वेबर घेतला आणि लगेच त्याच्या बदल्यात गार्ड पेनी हार्डवे आणला. ५० विजय त्यानंतर आले.

टूके हे बऱ्यापैकी नीट दाखवतो. प्लेस्टेशनवर स्वतः खेळताना एल१ दाबून धरून पिक (बचावपटूची वाट अडवणारी आड) मागवा, सेंटर रिंगकडे वळला की आर१ ने त्याचं बटण निवडून पास द्या. पासिंग कमी असलेला गार्ड असेल तर हाच पास अडतो किंवा सेंटरच्या पायाशी जातो. फटकेबाज नसतील तर बचावाचे दोन जण रिंगखालीच गोळा होतात आणि सेंटरला पोस्टमध्ये, म्हणजे रिंगजवळ, बचावपटूला पाठ लावून घ्यायलाही जागा मिळत नाही. पोस्टसाठी एल२ दाबून धरायचं. बचावात चेंडू हवेत असताना तेच एल२ बॉक्स-आउट करतं, म्हणजे समोरच्याला अंगाने मागे अडवतं. नवखे खेळणारे ते विसरतात आणि सरळ रिबाउंडचं त्रिकोणी बटण दाबत सुटतात. मग २.१३ मीटरच्या पोरावरून दोन मीटरचा फॉरवर्ड चेंडू नेतो आणि शिव्या गेमला पडतात. आपल्या कोर्टावरही उंच पोरांचा नेमका हाच आजार असतो: उंची आहे म्हणून पाय रोवत नाहीत.

आता गेम जिथे साफ फसवतो ते. प्रत्येक खेळाडूला आजच्या क्षमतेचा एक आकडा आणि उद्याच्या शक्यतेचा, म्हणजे पोटेन्शियलचा, एक आकडा असतो. ड्राफ्टच्या नवख्यांवर पडदा असतो आणि स्काउट लावाल तसा तो सरकत जातो, हे ठीक. पण जुन्या एरात पडदा असून उपयोग काय? १९८४ मध्ये बसून ओलाजुवन पुढे काय होणार हे तुम्हाला ठाऊक असतं. त्या रात्री ते कोणालाच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या नंबरवर पोर्टलंडने सॅम बोवी हा सेंटरच घेतला, आणि तिसऱ्यावर जॉर्डन शिकागोला गेला. २००१ मध्ये क्वामी ब्राउन पहिला, २००३ मध्ये डार्को मिलिचिच दुसरा, २०२० मध्ये जेम्स वाइजमन दुसरा. तिघेही उंच, तिघेही कोवळे, आणि घेणाऱ्या तिन्ही संघांनी पुढे त्यांना दुसरीकडे पाठवलं. भूतकाळात जाऊन ड्राफ्ट करणं म्हणजे निकाल हातात घेऊन पेपर लिहिणं. म्हणून खरी परीक्षा घ्यायची तर आजच्या एरात दोन मोसम पुढे जा. तिथून पुढचे नवखे गेमने स्वतः तयार केलेले असतात, नावं अनोळखी, पुढचं नशीब अनोळखी. लॉटरीआधी सेव्ह करून मनासारखा नंबर येईपर्यंत पुन्हापुन्हा सुरू करायचा मोह होतो, तो टाळा. २०१९ पासून तळाच्या तिन्ही संघांना पहिल्या नंबरची संधी सारखीच, १४ टक्के, आणि सगळ्यात वाईट संघसुद्धा पाचव्या नंबरपर्यंत घसरू शकतो. जाणूनबुजून हरून सेंटर मिळवायचा बेत त्यामुळेच फसतो. तसा तो पूर्वीही फसायचा: १९९२ मध्ये सगळ्यात वाईट मिनेसोटा होता, १५-६७, पण ओनील गेला ऑर्लँडोला.

दुसरी फसवणूक आकड्यांची आहे, तिला गेम जबाबदार नाही, वाचणारा जबाबदार आहे. सॅन अँटोनिओ १९९६-९७ मध्ये २०-६२ होता, टिम डंकन आला आणि ५६-२६ झाला. पण त्या वाईट मोसमात संघाचा मुख्य सेंटर डेव्हिड रॉबिन्सन फक्त सहा सामने खेळला होता, संघ मुळात तळाचा नव्हताच. याओच्या पहिल्या मोसमात ह्यूस्टन २८ वरून ४३ वर गेला, पण आधीच्या वर्षी मुख्य गार्ड स्टीव्ह फ्रान्सिस ५७ सामनेच खेळला होता. मेम्फिसने २०२४ मध्ये झॅक ईडी घेतला आणि २७ चे ४८ झाले. तिथे मुख्य गार्ड जा मोरँट परत आला होता. ईडीला श्रेय द्या, पण सगळं नको. गेममध्येही असंच होतं: दुखापतींनी खिळखिळा झालेला संघ निवडून त्यात सेंटर आणला तर चमत्कार झाल्यासारखा दिसतो. स्वच्छ निकाल हवा असेल तर ज्या संघाचे प्रमुख खेळाडू मोसमभर उभे होते आणि तरीही हरले, असाच संघ घ्या.

कराराचं प्रकरण गेमने चांगलं सांभाळलंय. ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत घेतलेल्या नवख्याचा करार चार वर्षांचा, पहिली दोन वर्षं पक्की, तिसरं-चौथं संघाच्या मर्जीवर. उंच पोराला तयार व्हायला साधारण तिसरं वर्ष उजाडतं, आणि नेमकी त्याच्या थोडं आधी मर्जी सांगावी लागते. घाईचे मॅनेजर इथेच चुकतात. कितव्या नंबरवर घेतला त्यावर पगार ठरलेला असतो, त्यामुळे पहिल्या नंबरचा फसलेला सेंटर आणि विसाव्या नंबरचा फसलेला सेंटर यांची झळ वेगळी असते.

मिनिटांबद्दल एक तांत्रिक सूचना. स्वतः खेळताना क्वार्टर पाच मिनिटांचा ठेवला आणि सिम्युलेट केलेले सामने बारा मिनिटांचे असले तर तुमच्या सेंटरची सरासरी अर्धवट दिसते आणि तुम्ही उगाच त्याला बेंचवर बसवता. दोन्हीकडचे क्वार्टर सारखे करा, किंवा मोसमात दहा-बारा सामनेच स्वतः खेळा. बारा मिनिटांनी ८२ सामने खेळणारा माणूस नोकरीवर राहत नाही.

शाळा-कॉलेजच्या संघासाठी यातून काही शिकायचं असेल तर गेममधले एनबीएचे नियम आधी बाजूला काढा. आपण फिबा या आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या नियमांनी खेळतो. बचावाचा तीन सेकंदांचा नियम फिबात नाही, म्हणजे आपला उंच पोरगा रिंगखाली हवा तेवढा वेळ उभा राहू शकतो. गेमच्या नियमांत तो बंद करता येतो, करून बघा, वॉशिंग्टनचा बचावही लगेच वेगळा दिसेल. चेंडू रिंगला लागल्यावर फिबात तो कोणीही टोलवू शकतो, रिंगच्या वर असला तरी. एनबीएत तो रिंगच्या वर असेपर्यंत हात लावता येत नाही. टूकेवर वाढलेली पोरं इथे हात आखडतात आणि फुकटचा गुण देतात. बाद व्हायला फाउल पाच, सहा नाहीत. क्वार्टर दहा मिनिटांचे. तीन गुणांची रेषा ६.७५ मीटरवर, एनबीएची वरच्या बाजूला ७.२४. रेषा जवळ म्हणजे बचाव आतच दाटतो, त्यामुळे आपल्याकडे फटकेबाजांची गरज एनबीएपेक्षा कमी नाही, जास्त आहे. सहा फूट तीनच्या पोराला दुसऱ्या क्वार्टरमध्ये तिसरा फाउल पडला की सगळा बेत कोलमडतो. त्याच्या जागी कोण येणार हे आधी ठरलेलं हवं, आणि गेमच्या रोटेशनच्या पानावर ते आखायची सवय लागते, हा टूकेचा खरा उपयोग.

गेममध्ये नाही ते असं: पोराचे वाढते गुडघे, दर सहा महिन्यांनी लहान होणारे बूट, आणि सिमेंटचं कोर्ट. पंजाबचा सतनामसिंग २०१५ मध्ये डॅलसने ५२ व्या नंबरवर घेतला, सात फूट दोन इंच, ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला पहिला भारतीय. एनबीएचा एकही सामना त्याला मिळाला नाही. त्याच्या पोटेन्शियलचा आकडा कोणी लावला असता?

२६ बाजारात आल्यापासून २५ बऱ्याचदा मोठ्या सवलतीत मिळतो, आणि या कामासाठी तो पुरेसा आहे. जुन्या आवृत्त्यांचे सर्व्हर काही वर्षांनी बंद होतात, पण मायएनबीएचा सेव्ह तुमच्याच यंत्रावर असतो. लाइटचा भरवसा नसेल तर प्रत्येक ड्राफ्टनंतर नव्या नावाने सेव्ह करा, एकाच फाइलवर लिहीत राहिलात आणि मध्येच लाइट गेली तर चार मोसम पाण्यात. पीएस ५ साठी कंपनीने सांगितलेलं तापमान ५ ते ३५ अंश आहे. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत दुपारी ते कधीच ओलांडलेलं असतं, पंखा ओरडायला लागतो आणि यंत्र स्वतःहून बंद पडू शकतं. भिंतीपासून वीतभर अंतर ठेवा, बाजूची झाकणं काढून धूळ साठणारी भोकं महिन्यातून एकदा व्हॅक्यूमने साफ करा, आणि लांबलचक सिम्युलेशन रात्री दहानंतर लावा. न्यूयॉर्कची संध्याकाळी साडेसातची मॅच हिवाळ्यात आपल्याकडे पहाटे सहाला लागते. तोवर तुमच्या वॉशिंग्टनचे दोन मोसम सहज उरकतात.